ढवळणीचा रविवार

नाताळच्या आधी महिनाभर एक रविवार येतो. त्या दिवशी चर्चमध्ये जी प्रार्थना वाचतात, तिच्यात देवाला विनवलेलं असतं की बाबा रे, आमची मनं जरा ढवळून काढ. देव काय करायचं ते करो, पण मिडलक्लीव्ह गावच्या बायकांना तेवढ्यावरून एकच गोष्ट आठवते : घरी बेदाणे भिजून टम्म फुगलेत आणि पुडिंग ढवळायचं राहिलंय. मग पाद्रीसाहेब पुढं काय बोलतात याकडे कुणाचं लक्ष असेल तर शपथ. हेस्टर बेडोज तर 'आमेन' व्हायच्या आधीच हातमोजे चढवून तयार होती.

घरी आल्या आल्या तिनं सासूबाईंचा पिवळा मातीचा वाडगा टेबलावर घेतला. न्हाणायला बसवलं तर पोर मावेल, एवढा मोठा. त्यात बेदाणे गेले, मनुका गेल्या, पाकवलेली संत्र्याची साल, शिळ्या पावाचा चुरा, गाईच्या गुर्द्याभोवतीची किसलेली चरबी, काळी साखर, अंडी, जायफळ. वरून काळ्या बिअरची अख्खी बाटली आणि ब्रँडी. ब्रँडी किती, ते विचारायचं नाही. तासाभरात नुसत्या वासानं मांजर झिंगून कोपऱ्यात आडवं झालं होतं.

आता ढवळणी. घरातल्या प्रत्येकानं लाकडी चमचा हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, मनात एक इच्छा धरायची आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळायचं. इच्छा कुणाला सांगायची नाही. हे सगळीकडेच असतं. बेडोजांच्या घरात सासूबाईंनी एक कलम वर जोडलेलं होतं : ज्याचा हात लागला त्याला नाताळच्या टेबलावर जागा, आणि घरातल्या एकाचाही हात लागायचा राहिला तर पुडिंग चुलीवर चढणार नाही. म्हातारी कधीच गेली, पण तिचं कलम मोडायची कुणाची छाती नव्हती.

हेस्टरनं ढवळलं. तिच्या नवऱ्यानं, विल्फनं ढवळलं आणि चमचा चाटून म्हणाला, "झकास. चढव आता."

"पर्सी राहिलाय."

विल्फचं तोंड एकदम कडू झालं. "त्या माणसाचं नाव माझ्या घरात काढायचं नाही."

"तो माणूस तुझा सख्खा भाऊ आहे."

"आधी आईचं नाणं आणून दे म्हणावं. मग भाऊ."

तर भांडण होतं एका नाण्याचं. सासूबाईंचं सहा पेन्सांचं चांदीचं नाणं. त्यावर व्हिक्टोरिया राणी, आणि राणीच्या अंबाड्यावर सासऱ्यांच्या दाताची खूण, कारण एका नाताळला ते त्यांनी बदाम समजून चावलं होतं. दरवर्षी नाणं पुडिंगमध्ये जायचं, ज्याच्या फोडीत निघेल त्याचं वर्ष चांगलं जायचं, आणि संध्याकाळी धुऊन-पुसून ते परत डबीत. गेल्या नाताळला पुडिंगचा शेवटचा कण संपला तरी नाणं निघालं नाही. शेवटची फोड पर्सीनं खाल्ली होती. विल्फ आधी हसत हसतच म्हणाला, "काढ पर्सी, बाहेर काढ." पर्सी म्हणाला, "माझ्याकडे नाही." "मग काय गिळलंस?" "आईची शपथ, नाही." आणि मग विल्फ जे बोलला ते बोलायला नको होतं. तो म्हणाला, "लहानपणापासून आईच्या वस्तूंवर डोळाच आहे तुझा." पर्सीनं मांडीवरचा रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला, टोपी घातली आणि चालू लागला.

त्यानंतर ईस्टरलाही तो आला नाही. हेस्टर दरवर्षी दोन पुडिंगं करायची, एक नाताळचं आणि एक ईस्टरचं. पण विल्फनं पुडिंगचा विषयच नको म्हटल्यावर ते दुसरं कपाटाच्या वरच्या फळीवर दोरी बांधलेलंच राहिलं; ब्रँडीमुळे ते वर्षभर टिकतं.

एवढंच असतं तर हेस्टरनं आणखी वर्षभर वाट पाहिली असती. पण पर्सीनं टेकडीपलीकडचं आपलं शेत विकलं होतं आणि मार्चमध्ये तो कॅनडाला, लेकीकडे, कायमचा जाणार होता. दोन्ही भाऊ सत्तरीला टेकलेले. हा नाताळ एका टेबलावर झाला नाही, तर उरलेल्या जन्मात तो व्हायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मघाशी डोळे मिटून तिनं काय मागितलं ते सांगायचं नसतं, पण वेगळं सांगायची गरजही नाही.

"मी त्याच्याकडे घेऊन जाते," ती म्हणाली.

"काय घेऊन जातेस?"

"वाडगा. तो इथे येत नाही, तर वाडगा तिथे जाईल."

"मी गाडी काढणार नाही. आधीच सांगतो."

"तुझी गाडी मागितलीय कुणी? मला पाय आहेत."

पाय होते, पण हात दोनच होते आणि वाडगा एखाद्या मेंढीएवढा जड. तेव्हा हेस्टरनं परसातल्या छपरीतून बाबागाडी ओढून काढली. पर्सीची बायको लवकर गेली, त्याची पोर डॅफ्नी ह्याच घरात, ह्याच बाबागाडीत वाढली. अलीकडे तिच्यात जळाऊ लाकडं असायची. हेस्टरनं ती पुसली, वाडगा मधोमध बसवला, वर पांढरं फडकं आणि त्यावर लोकरीची शाल गुंडाळली. जाता जाता फळीवरचं जुनं पुडिंगही पायथ्याशी ठेवलं. एकटा जीव, डब्यातलं खात असेल. वाया जाण्यापेक्षा त्याच्या पोटात गेलं तर काय वाईट?

"लोक हसतील," विल्फ दारातून ओरडला.

"हसू देत. फुकटात करमणूक."

चर्चच्या फाटकापाशीच पाद्रीसाहेब भेटले. बाबागाडी पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते वाकले, शालीचा कोपरा अलगद बाजूला केला आणि लाडीगोडीच्या आवाजात म्हणाले, "अगं बाई, कोण आलंय हे?" मग नाकात ब्रँडीचा भपकारा गेला आणि ते ताठ उभे राहिले.

"मिसेस बेडोज, हे काय?"

"पुडिंग आहे, साहेब. दिराकडे चाललंय ढवळून घ्यायला."

पाद्रीसाहेबांना गावातली सगळी भांडणं माहीत होती. त्यांनी शाल पुन्हा नीट झाकली. "मग माझ्याही दोन प्रार्थना घेऊन जा बरोबर. बेडोज घराण्याला एक पुरायची नाही."

टेकडीचा रस्ता चिखलाचा. हेस्टर ढकलत होती, थांबत होती, विल्फला चार शिव्या घालत होती, पुन्हा ढकलत होती. निम्म्यात तिनं दोन पर्सीलाही घातल्या, उगाच कुणावर अन्याय नको. चढ संपला तेव्हा तिची टोपी कानावर आली होती आणि तोंड बीटासारखं झालं होतं.

पर्सी खोकी बांधत बसला होता. भिंतीवरच्या तसबिरी उतरलेल्या, टेबलावर सार्डिनचा उघडा डबा आणि त्यात तसाच काटा. हेस्टर डबा बाजूला सरकवत म्हणाली, "हे जेवण म्हणायचं?"

"डबा आहे, मासे आहेत. आणखी काय लागतं?" मग त्याला बाबागाडी दिसली. "हे कुणाचं?"

"तुझंच. ऊठ, चमचा धर."

पर्सीनं फडकं उचलून आत बघितलं आणि झाकून टाकलं. "नाही हेस्टर. चोरानं ढवळलेलं पुडिंग तुझ्या नवऱ्याच्या घशाखाली कसं उतरेल?"

"मी कधी चोर म्हटलं तुला?"

"तू नाही. तो म्हणाला." पर्सी खुर्चीत बसला. "तुला एक सांगू? पुढं मलाच शंका आली. म्हटलं, खरंच गिळलं असेल तर? ब्रँडी बरीच झाली होती. म्हणून शहरात गेलो आणि पोटाचा एक्स-रे काढून घेतला."

"काय काढून घेतलास?"

"एक्स-रे. डॉक्टर म्हणाला, काय दुखतंय? म्हटलं, काही दुखत नाही, राणी शोधायचीय."

त्यानं कपाटामागून काळी फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. "बघ. ह्या बरगड्या, ही आतडी. आहे कुठे राणी?"

"आणि ते पांढरं गोल काय?"

"पँटचं बटण. त्यांनी पँट काढ म्हटलं होतं, मी म्हटलं थंडी आहे."

हेस्टरला हसू आवरेना. हसता हसता तिनं डोळे पुसले. "अरे शहाण्या, मग हा विल्फला का नाही दाखवलास?"

"का दाखवू?" पर्सी एकदम तडकला. "माझ्या शब्दावर ज्याचा विश्वास नाही, तो माझ्या आतड्यांवर ठेवील?"

हेस्टर उठली. चुलीवर तवा ठेवला, लोणी टाकलं, जुन्या पुडिंगची दोरी सोडली. ते काळंभोर झालं होतं, मुरून मुरून नुसतं चकाकत होतं. निदान ह्याच्या पोटात काहीतरी गरम घालावं, लोण्यात परतलेली एक फोड, आणि घरी जावं, असं तिनं ठरवलं. आणखी काही व्हायचं नाही हे तिला कळून चुकलं होतं.

तिनं सुरी घातली. सुरी मध्येच अडली. खट्.

तिनं जरा बाजूनं घातली. पुन्हा खट्.

मग तिनं बोटांनीच पुडिंग फोडलं, आणि आतून, बेदाण्यांच्या गर्दीतून, सहा पेन्सांची राणी बाहेर आली. अंबाड्यावर दाताची खूण.

दोघंही राणीकडे बघत राहिले. तव्यावरचं लोणी करपलं.

"नाणं टाकायचा मान थोरल्याचा," हेस्टर हळू आवाजात म्हणाली. "विल्फनं टाकलं होतं. गेल्या ढवळणीच्या संध्याकाळी चर्चची घंटा वाजवायची पाळी त्याची होती, उशीर झाला होता. एक पाय दाराबाहेर, कोट अर्धा अंगात. मिश्रण भरलेली दोन भांडी शेजारी शेजारी. टाकलं आणि पळाला. ईस्टरच्या भांड्यात टाकलं, पर्सी! आणि तुम्ही दोघं ईस्टरला एकत्र जेवायला बसला असतात, तर तेव्हाच निघालं असतं."

पर्सी ताडकन उठला. "माझी टोपी कुठंय? आत्ता जातो आणि त्याच्या कपाळावर आपटतो हे."

"आपट. तुझं बरोबरच आहे."

तो दारापर्यंत गेला. टोपी घातली. उभा राहिला. मग परत येऊन बसला. "आपटलं तर तो माफी मागेल?"

"तू सांग. बेडोज आहे."

"मरेल, पण मागणार नाही." पर्सीनं नाणं पँटला घासून पुसलं. "मग मी खरा ठरेन, तो खोटा ठरेल, आणि कॅनडाला जाताना स्टेशनवर पोचवायला कुणी यायचं नाही." त्यानं चमचा उचलला. "पूर्व कुठली?"

"गोठ्याची बाजू."

त्यानं टोपी काढली, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी चमचा धरून ढवळलं. नीट, सावकाश, गोठ्याकडून टेकडीकडे. मग नाणं मधोमध टाकलं आणि चमच्यानं आत दाबलं.

"आता टेबलावर जागा आहे माझी. आईचं कलम. पण त्याला काही सांगायचं नाहीस. ज्याच्या फोडीत निघायचं त्याच्या निघू दे. शब्द दे मला."

हेस्टरनं दिला. त्या क्षणी तिनं काहीही दिलं असतं.

उतारावर बाबागाडी तिलाच ओढत खाली नेत होती. ओढ्यावरच्या पुलापाशी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ती जागीच थांबली. नाणं निघालं की विल्फ काय म्हणणार? म्हणणार, बघा, ह्याच्याकडेच होतं. वर्षभर दडवलं आणि आता गुपचूप आणून टाकलं. अरे देवा! बाजूला काढून ठेवावं का? पण ज्यानं टाकलं त्यानं विश्वासानं टाकलं होतं, आणि तिनं शब्द दिला होता. ती तशीच घरी आली. वाडग्यातलं मिश्रण दोन भांड्यांत भरताना तिनं बोटांनी राणी शोधली आणि नाताळच्या भांड्यात नीट खोल पुरली. यंदा चूक नको.

"काय चाचपतेस?" विल्फनं विचारलं.

"मनुकेत बी राहिली असेल तर. पर्सीनं ढवळलंय. तो येणार नाताळला."

"येईना का," विल्फ वर्तमानपत्रामागून म्हणाला. "खाईल आणि जाईल. पण नाणंबिणं मी टाकणार नाही यंदा." हे म्हणताना त्याचं वर्तमानपत्र उलटं होतं, ते हेस्टरनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

नाताळच्या दुपारी पर्सी टाय लावून आला. बगलेत तपकिरी कागदातलं एक सपाट पुडकं होतं, ते त्यानं दाराशी छत्रीजवळ ठेवलं. भाजलेला हंस टेबलावर आला, बटाटे आले, कोबीचे गड्डे आले. दोघं भाऊ समोरासमोर बसले आणि बोलले ते हेस्टरमार्फत.

"हेस्टर, त्याला म्हणावं मीठ सरकव."

"हेस्टर, त्याला म्हणावं मीठ त्याच्या कोपरापाशीच आहे."

"मी काय पोस्ट ऑफिस आहे?" हेस्टर म्हणाली, आणि दोघांनाही बटाटे वाढले.

मग तिनं पडदे ओढले, पुडिंगवर ऊन ब्रँडी ओतून काडी लावली. निळी ज्योत सरसरत खाली उतरली. दरवर्षी ह्या वेळी दोघं भाऊ पोरांसारखे टाळ्या पिटत. यंदा पिटल्या नाहीत, पण बघत मात्र दोघंही होते. ज्योत विझली. तिनं फोडी केल्या. सुरी कुठेच अडली नाही. पहिली फोड थोरल्याला.

दुसऱ्याच घासाला विल्फच्या तोंडात कट्ट झालं. त्यानं कवळी सावरली, दोन बोटांनी काहीतरी बाहेर काढलं, रुमालानं पुसलं. राणी. अंबाडा. दात.

हेस्टरनं सुरी खाली ठेवली.

विल्फनं हळूहळू मान वर केली. "म्हणजे तुझ्याकडेच होतं तर."

पर्सीनं चमचा ठेवला. मांडीवरचा रुमाल उचलला आणि घडी घालायला लागला. एक घडी, दुसरी घडी. अगदी गेल्या वर्षीसारखी.

"हलू नकोस!" हेस्टर एवढ्यानं ओरडली की मांजर कपाटावर गेलं. "ठेव तो रुमाल! शब्द गेला खड्ड्यात. विल्फ बेडोज, कान उघडे ठेवून ऐक. ते नाणं ईस्टरच्या पुडिंगमध्ये होतं. वर्षभर आपल्याच फळीवर. मी माझ्या हातानं दोरी सोडली, माझ्या हातानं फोडलं, माझ्या हातानं काढलं. आणि तिथं टाकलं कुणी? आठव. घंटेला उशीर झाला होता, कोट अर्धा अंगात होता."

विल्फ आठवू लागला. त्याच्या चेहऱ्यावर ते आठवणं पायरी पायरीनं उतरताना दिसलं. कान लाल झाले, मग मान.

"डावीकडचं भांडं," तो म्हणाला.

"डावीकडचं."

"नाताळचं उजवीकडे होतं."

"होतं."

विल्फनं नाणं पर्सीच्या ताटाशेजारी ठेवलं. "चुकलो, पर्सी. नाण्याचं चुकलो ते चुकलोच, पण बोललो ते त्याहून वाईट बोललो. तू आईची शपथ घेतली होतीस. मी तिथंच थांबायला हवं होतं."

पर्सीची ह्याला तयारीच नव्हती. भांडायला तो भरपूर सामान घेऊन आला होता, माफी ऐकायला नाही. तो उठला, दाराशी गेला आणि ते तपकिरी पुडकं घेऊन आला. "हे आणलं होतं. म्हटलं, वेळ पडली तर असावं."

विल्फनं कागद सोडवला. पडदा बाजूला करून काळी फिल्म उजेडात धरली. "हे काय?"

"माझं पोट. तू म्हणालास ना, गिळलंस म्हणून. बघून घेतलं."

"आणि हे पांढरं?"

"पँटचं बटण."

विल्फ हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग खुर्चीचा आधार घेऊन. पर्सीही हसायला लागला. दोघं म्हातारे टेबलावर हात आपटत हसत होते आणि हेस्टर एकीकडे हसत होती, एकीकडे हंसाचा रस्सा सांडू नये म्हणून भांडं धरून उभी होती. मग तिच्या लक्षात आलं की विल्फचा आवाज बदललाय. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता, फिल्म तशीच वर धरलेली, आणि त्याचे खांदे हलत होते ते हसण्यानं नव्हे.

"माझ्या एका शब्दावरून तू दवाखान्यात जाऊन हे करून घेतलंस?"

"जाऊ दे रे. थंडीत फिरणं झालं."

"हे इथं ठेवून जा, पर्सी. मार्चमध्ये जाशील तेव्हा."

"वेडा का तू? फोटोच पाहिजे तर चांगला काढून देतो. टायवाला. टोपी घालून."

"नको," विल्फ म्हणाला. "त्यात तू दिसशील. ह्यात मी काय बोललो ते दिसतं."

हेस्टरनं चिकटपट्टी आणली आणि एक्स-रे स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या खिडकीला लावून टाकला, ढवळणी जिकडून सुरू होते तिकडे. परत आली तेव्हा पर्सी दुसरी फोड घेत होता आणि विल्फ त्याला म्हणत होता, "जरा चावून खा. यंदा त्यात नाणं नाही, पण तुझा भरवसा काय?"